पराचा तुकडा आणि नर-मादीचा निवाडा

स्टर्जन मासे पाळणाऱ्याला खरा पैसा मिळतो तो गाभोळीचा. कॅव्हिअर म्हणून जी विकली जाते ती हीच, आणि ती अर्थातच फक्त मादीच्या पोटात तयार होते. पण स्टर्जनचा नर आणि मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. पिल्लांचं सोडाच, हातभर लांब झाले तरी नाही. मग वर्षानुवर्षं सगळ्यांना सारखंच खाऊ घालायचं, तीन-चार वर्षांनी एकेकाला पाण्याबाहेर काढून पोटावर अल्ट्रासाउंड फिरवायचा किंवा बारीक छेद घेऊन आत डोकावायचं, आणि तेव्हा कुठे कळायचं की यातले निम्मे नरच होते. त्यांच्यावर गेलेलं खाद्य गेलं ते गेलंच.

२०२१ मध्ये यावर तोडगा निघाला. स्टर्लेट हा स्टर्जनच्या कुळातला लहान चणीचा, नदीत राहणारा मासा. त्याचा डीएनए वाचताना संशोधकांना एक छोटासा भाग असा सापडला, जो फक्त माद्यांकडे होता. मग त्यांनी तो स्टर्जनच्या इतर जातींत शोधला. ज्यांचे पूर्वज साधारण १८ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले अशा जातींतही तो मादीकडेच निघाला. त्यामुळे आता बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लाच्या, पराचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा पुरतो. मासा परत पाण्यात, तुकडा नळीत.

त्या तुकड्यातून नर-मादी नेमकं कसं कळतं, आणि कधी कळत नाही, ते पाहू. यातलं दुसरं पहिल्याहून जास्त मजेशीर आहे, असं माझं मत.

माशांनी न पाळलेले नियम

माणसाच्या बाबतीत हा प्रश्न शाळेच्या पुस्तकातच सुटलेला असतो. एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक गर्भातल्या जननग्रंथीला वृषणाच्या वाटेला लावतं, हे १९९० मध्ये कळलं. बहुतेक सस्तन प्राण्यांत हेच जनुक हे काम करतं. शिवाय आपलं वाय गुणसूत्र एक्सपेक्षा इतकं खुजं आहे की सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं पाहूनही ओळखता येतं.

माशांच्या बाबतीत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. बहुतेक जातींत नराची आणि मादीची गुणसूत्रं शेजारी शेजारी ठेवली तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक असतो तो एखाद्या गुणसूत्राच्या चिमूटभर भागात. समुद्रातल्या फुगू माशात तर तो एका जनुकातल्या एका अक्षराचा आहे. बरं, रीतही एकच नाही. ट्राउटमध्ये आपल्यासारखीच एक्स-वाय पद्धत, म्हणजे वेगळं गुणसूत्र नराकडे. स्टर्जनमध्ये पक्ष्यांसारखं उलटं: नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू, आणि वेगळं गुणसूत्र मादीकडे. नाइल तिलापिया एक्स-वाय, तर त्याचा सख्खा चुलतभाऊ निळा तिलापिया झेड-डब्ल्यू. दोघांचा संकर होतो, पिल्लं होतात, पण नर-मादी ठरवायची रीत दोन्ही घरांत वेगळी.

म्हणजे एका माशासाठी बनवलेली चाचणी दुसऱ्या माशाला लावून चालत नाही. प्रत्येक जातीसाठी शोध बहुधा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

खूण आणि घर

शोधायचं असतं ते असं काहीतरी, जे एका लिंगाच्या डीएनएत आहे आणि दुसऱ्याच्या नाही. प्रयोगशाळेत त्याला मार्कर म्हणतात. आपण खूण म्हणू. खूण म्हणजे लिंग ठरवणारं जनुकच असं नव्हे. अनोळखी गावात आपण ‘विहिरीला लागून जे घर आहे ते’ असा पत्ता विचारतो. विहिरीचा घरमालकाशी काही संबंध नसतो. ती त्या घराजवळ आहे, हलत नाही आणि लांबून दिसते, एवढंच पुरतं. जनुकीय खूणही अशीच शेजारीण असते.

शेजार जितका घट्ट, तितकी खूण भरवशाची. याचं सगळ्यात देखणं उदाहरण जपानच्या मेडाका माशात मिळतं. ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा. त्याला नारिंगी रंग देणारं जनुक लिंग-गुणसूत्रावर असतं, हे तात्सुओ आइदा यांनी १९२१ मध्ये दाखवलं. डीएनए म्हणजे नेमकं काय हेही ठाऊक नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. पुढे या गुणधर्माचा फायदा घेऊन असा वाण तयार केला गेला, ज्यात रंगाचं जनुक वायवर आहे आणि एक्सवर त्याचं बिनरंगी रूप. नर नारिंगी, माद्या पांढऱ्या. काचेच्या टाकीकडे नुसती नजर टाकली की मोजणी झाली. ना नळी, ना यंत्र.

पण त्या टाकीत कधीतरी एखादी नारिंगी मादी किंवा पांढरा नर निघायचाच. याचं कारण असं, की शुक्राणू तयार होताना एक्स आणि वाय जोडीनं शेजारी येतात आणि आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. रंगाचं जनुक आणि लिंगाचं जनुक यांच्या मधोमध काप पडला की दोघांची ताटातूट. मेडाकात ही ताटातूट क्वचितच होते. पण दर शंभर शुक्राणूंमागे पाच वेळा ताटातूट होईल इतकी दूरची खूण एखाद्यानं निवडली, तर शंभरातल्या पाच पिल्लांचा निकाल हमखास चुकणार, मग यंत्र कितीही महागाचं असो. म्हणूनच शोध हळूहळू दूरच्या खुणेकडून जवळच्या खुणेकडे आणि जमलंच तर थेट घरात, म्हणजे जनुकापर्यंत जातो.

मेडाकाच्या बाबतीत २००२ मध्ये ते जमलं. वाय गुणसूत्रावरच्या या जनुकाला डीएमवाय असं नाव मिळालं. सस्तन प्राणी सोडले तर पाठीच्या कण्याच्या प्राण्यांमध्ये सापडलेलं हे पहिलं लिंगनिर्धारक जनुक. हेच ते जनुक, याचा पुरावा रानातल्या माशांनीच दिला. वाय गुणसूत्र अंगात असूनही मादी झालेले मेडाका मिळाले आणि तपासलं तर त्यांचं डीएमवाय बिघडलेलं होतं. एका माशात या जनुकात एक जादा अक्षर घुसलं होतं. तेवढ्यानं नराची मादी झाली.

आता वाटेल, मेडाकाचं कळलं म्हणजे त्याच्या भाऊबंदांचंही कळलं. तसं झालं नाही. मेडाकाच्याच प्रजातीतल्या फिलिपिन्समधल्या एका माशात डीएमवाय नावालाही नाही. तिथे ते काम दुसरंच जनुक करतं, आणि आणखी एका भावात तिसरंच. सामन-ट्राउटच्या कुळात मात्र नशीब चांगलं निघालं. रेनबो ट्राउटमध्ये २०१२ साली एसडीवाय हे जनुक सापडलं, आणि पुढच्याच वर्षी दिसलं की त्या कुळातल्या बहुतेक जातींत नराची खूण तीच आहे. गंमत म्हणजे हे जनुक ज्याच्यापासून निघालं, ते मूळ जनुक रोगप्रतिकाराच्या कामातलं. नर-मादीच्या भानगडीत ते कधीच नव्हतं. अपवाद इथेही आहे: व्हाइटफिशमध्ये एसडीवायची नराशी घट्ट सांगड दिसत नाही.

शोध घ्यायचा कसा

पूर्वी हा शोध आंधळ्या कोशिंबिरीसारखा चालायचा. हाती पडतील त्या थोड्या खुणा तपासायच्या आणि एखादी नरांशी जुळते का ते बघायचं. आता दहा-वीस माशांचा डीएनए ठरावीक जागी कापून हजारो तुकडे एकदम वाचता येतात. मग संगणकाला विचारायचं: सगळ्या नरांत आहे आणि एकाही मादीत नाही, असा तुकडा दाखव.

इथे एक सापळा आहे, आणि तो साध्या गणितानं समजतो. समजा, ५ नर आणि ५ माद्या घेतल्या आणि ५०,००० तुकडे वाचले. असा एक तुकडा धरा ज्याचा लिंगाशी काडीचा संबंध नाही, पण तो निम्म्या माशांत असतो आणि निम्म्यांत नसतो. तो योगायोगानं पाचही नरांत असण्याची शक्यता ३२ मध्ये १. पाचही माद्यांत नसण्याची शक्यताही ३२ मध्ये १. दोन्ही एकदम घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये १. छोटी वाटते ना? पण तुकडे ५०,००० आहेत. सगळे असेच निम्मे-निम्मे असले तर सुमारे ४९ तुकडे निव्वळ योगायोगानं ‘फक्त नरांत’ निघतील. संगणक ४९ खुणा दाखवील, आणि त्यातली एकही खरी नसेल.

आता १० नर आणि १० माद्या घ्या. तीच शक्यता १०,४८,५७६ मध्ये १ होते. तेच ५०,००० तुकडे वाचले तर खोटी खूण निघण्याची पाळी हा सगळा खटाटोप वीसेक वेळा केल्यावर एकदा यायची. नुसते मासे दुप्पट केले, तर ४९ खोट्या खुणांचा प्रश्न जवळजवळ मिटला. पाच-पाच माशांवरून ‘लिंगाची खूण सापडली’ असं कुणी सांगितलं तर मी आधी माशांची संख्या विचारतो, यंत्राचं नाव नंतर.

दुसरी चूक म्हणजे सगळे मासे एकाच जोडप्याची पिल्लं असणं. एका बापाच्या सगळ्या मुलांकडे त्याच्या वायचाच वारसा जातो. त्यामुळे त्या घराण्यापुरतं वायच्या आसपासचं सगळंच ‘नराची खूण’ वाटू लागतं. दुसऱ्या तळ्यातल्या माशांवर तीच खूण लावली की ती गप्प. म्हणून खूण सापडली की ती वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या रक्ताच्या आणि लिंग खात्रीनं माहीत असलेल्या माशांवर तपासून घ्यावीच लागते. ही खात्री अजूनही पोट उघडूनच करतात, हा यातला न टाळता येणारा भाग.

नळीपासून पट्ट्यापर्यंत

खूण हाती आल्यावरचं रोजचं काम मात्र सुटसुटीत आहे. शेपटीच्या पराचं टोक कात्रीनं कापायचं. ते परत वाढतं. प्रत्येक माशानंतर कात्री पुसून निर्जंतुक करायची, नाहीतर आधीच्या नराचा डीएनए पुढच्या मादीच्या नळीत जाऊन तिला नर ठरवील. तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला की महिनोन् महिने टिकतो. त्यातून डीएनए मोकळा करायचा आणि पीसीआर यंत्रात घालायचा. हे यंत्र डीएनएच्या हव्या त्या भागाच्या कोट्यवधी प्रती काढतं. कुठला भाग हवा ते प्राइमर सांगतात. प्राइमर म्हणजे त्या भागाच्या दोन टोकांना जाऊन चिकटणारे डीएनएचे आखूड धागे. शेवटी हा माल जेलच्या वडीत सोडून विजेचा प्रवाह द्यायचा. लहान तुकडे भराभर पुढे सरकतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि दिव्याखाली चमकणारे पट्टे दिसतात.

समजा, खूण वायवरची आहे. पट्टा दिसला, नर. नाही दिसला, मादी?

थांबा. पट्टा न दिसण्याची कारणं अनेक असतात. डीएनए नीट निघाला नसेल, तुकडा सडका असेल, नळीत प्राइमर घालायचेच राहिले असतील. असल्या प्रत्येक फसलेल्या नळीवर ‘मादी’ असा शिक्का बसेल. म्हणून शहाणी चाचणी दोन पट्ट्यांची असते: एक पट्टा नर-मादी दोघांतही यायलाच हवा असा, दुसरा फक्त नराचा. दोन पट्टे दिसले तर नर, एक दिसला तर मादी, आणि एकही नाही दिसला तर चाचणी फसली, पुन्हा करा. मेडाकात ही सोय आयतीच मिळाली. डीएमवाय हे दुसऱ्या एका जनुकाची नक्कल होऊन तयार झालेलं आहे, आणि ते मूळ जनुक सगळ्यांकडे असतं. प्राइमरची एकच जोडी दोघांनाही पकडते, पण दोन्हींतून निघणाऱ्या तुकड्यांची लांबी वेगळी. त्यामुळे एकाच नळीत दोन्ही पट्टे मिळतात.

जनुक एक म्हणतं, पोट दुसरं

आता येतो तो भाग जिथे बहुतेकांचा घोटाळा होतो. पराच्या तुकड्यातून कळतं ते माशाचं जनुकीय लिंग. त्याच्या पोटात वृषण आहे की अंडाशय, ते त्या तुकड्यात लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं जुळतात. मात्र माशांमध्ये ती न जुळण्याची उदाहरणं इतकी आहेत की हे दोन प्रश्न वेगळेच धरलेले बरे.

नाइल तिलापियाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही आठवडे ३६ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात ठेवली, तर एक्स-एक्स पिल्लांतली बरीच नर होतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेहेरेय माशात तर १७ अंशांना सगळ्या माद्या आणि २९ अंशांना सगळे नर. तरीही त्याच माशात वायवरचं लिंगनिर्धारक जनुकसुद्धा आहे. मधल्या तापमानात ते आपलं म्हणणं मांडतं, टोकाच्या तापमानात त्याचं कुणी ऐकत नाही. अशा माशात चाचणी ‘मादी’ म्हणाली आणि पोटात वृषण निघालं, तर चाचणी चुकली असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिनं वायबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं.

उलट या विसंगतीवरच मत्स्यपालनातली काही हुशार कामं उभी आहेत. रेनबो ट्राउटचे नर लवकर वयात येतात आणि मांसाची प्रत उतरते, म्हणून पालनकर्त्याला सगळ्या माद्याच हव्या असतात. मग एक्स-एक्स पिल्लांना नर-संप्रेरक देऊन नर करायचं. त्यांच्याकडे वाय नाहीच, त्यामुळे त्यांच्या शुक्राणूंतून फक्त एक्स जातं आणि पुढची सगळी पिल्लं माद्या निघतात. विकायला जाणाऱ्या या पिल्लांना स्वतःला संप्रेरक लागलेलंच नसतं. पण संप्रेरक दिलेल्या टोळीत जन्मतः एक्स-वाय असलेले खरे नरही असतात, आणि हे दोघे वेगळे ओळखायचे कसे? पूर्वी प्रत्येकाची पिल्लं काढून, ती वाढवून, नर-मादी मोजून ठरवायचे. त्यात हंगाम जायचा. आता पर कापायचा: एसडीवाय नसलेला नर ठेवायचा, असलेला काढून टाकायचा.

चीनमधल्या पिवळ्या कॅटफिशचं गणित उलटं. तिथे नर मादीपेक्षा कितीतरी वेगानं वाढतो, म्हणून सगळे नर हवेत. एक्स-वाय पिल्लाला मादी-संप्रेरकानं मादी करायचं आणि साध्या एक्स-वाय नराशी तिची जोडी लावायची. चार पिल्लांमागे सरासरी एक एक्स-एक्स, दोन एक्स-वाय आणि एक वाय-वाय. हा वाय-वाय म्हणजे महानर. त्याची सगळी पिल्लं नर. पण वाय-वाय आणि एक्स-वाय दोघांकडेही वाय आहेच. ‘वाय आहे का?’ एवढंच विचारणारी चाचणी दोघांत फरक करू शकत नाही. इथे अशी खूण लागते जी एक्सवरही आहे, वायवरही आहे, पण दोन्हीकडे लांबी वेगळी. मग एक्स-वायला दोन पट्टे, वाय-वायला फक्त वायचा एक. या माशासाठी अशा खुणा २००९ मध्ये मिळाल्या आणि महानर निवडणं सोपं झालं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात वाय-वाय नर वेगळ्याच कामासाठी सोडले जातात. तिथल्या ओढ्यांत बाहेरून आणलेला ब्रूक ट्राउट माजलाय. वाय-वाय नर सोडत राहिलं की पिल्लं नरच जन्मतात आणि पिढ्यांगणिक माद्या घटत जातात.

प्रदूषण तपासतानाही हीच विसंगती कामाला येते. पाण्यात स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी रसायनं असली की नरांच्या पोटात अंडी दिसू लागतात, काही पुरते मादी होतात. टाकीत शंभरात साठ माद्या दिसल्या, तर त्या जन्मतः माद्या होत्या की दहा नर बदलले, हे नुसतं पोट बघून सांगता येत नाही. पर कापून सांगता येतं: वाय असलेली मादी म्हणजे बदललेला नर. म्हणून रसायनांच्या तपासणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींत मेडाका वापरतात आणि त्याचं जनुकीय लिंगही नोंदवतात.

खूण मिळाली तरी ती त्या जातीत कायमची राहीलच असं नाही. झेब्राफिश हा जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका मासा. रानातल्या झेब्राफिशमध्ये झेड-डब्ल्यूची रीत आहे, पण प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या प्रचलित वाणांतून मादी ठरवणारा तो डब्ल्यूच नाहीसा झालाय, असं २०१४ मध्ये दिसलं. ज्या माशाचा डीएनए इतका वाचला गेला, त्यालाच खूण नाही! पाइक माशाचं त्याहून विलक्षण. युरोप-आशियातल्या पाइकमध्ये नराचं जनुक वायवर आहे, २०१९ मध्ये ते सापडलं, आणि चाचणीही झाली. अलास्कातल्या पाइकमध्येही ते आहे. उत्तर अमेरिकेच्या उरलेल्या भागातल्या पाइकमधून मात्र ते वायच्या त्या भागासकट गेलेलं आहे. तिथला नर आणि तिथली मादी, दोघांच्याही नळीत तोच एकुलता पट्टा उमटेल, आणि चाचणी बेधडक दोघांनाही मादी म्हणेल. पाइकचा पर तपासायला आला तर नळीवर आधी लिहून घ्यायचं ते मासा कुठल्या पाण्यातला आहे ते.